बाईंचा रोग

बाईंना हळू बोलता येत नसे. एरवी हा काही गुन्हा नव्हे, पण ज्या बाईचं सरकारी कामच मुळी लोकांची गुपितं ऐकण्याचं होतं, तिच्या बाबतीत हे जरा अवघड प्रकरण होतं.

त्या समुपदेशक होत्या. दवनीवाड्याच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावापासून चार किलोमीटरवर सरकारी दवाखाना, तिथे कंत्राटावर. किशोरवयीन मुलामुलींना गुप्तरोगांची माहिती द्यायची, त्यांच्या शंका ऐकायच्या आणि सगळं गोपनीय ठेवायचं, असं त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर लिहिलं होतं. त्यासाठी दवाखान्याने एक खोली दिली होती. खोलीला दार होतं, दाराला पडदा होता, पडद्याशेजारी गोपनीयतेची पाटी होती, आणि आत बाई बोलायला लागल्या की बाहेर केसपेपर काढणाऱ्या रांगेतल्या शेवटच्या माणसाला सगळं स्वच्छ ऐकू जाई. पहिल्या महिन्यात एकजण खोलीत गेला. दुसऱ्या महिन्यात कुणीच गेलं नाही.

आवाजाचं कारण साधं होतं. बाईंच्या नवऱ्याची धान कांडायची मशीन होती आणि घर मशीनला लागून. लग्न होऊन आल्यापासून वीस वर्षं बाई त्या धडधडाटात स्वयंपाक करत होत्या, भांडत होत्या आणि बाहेरून समाजकार्याचा अभ्यासही करत होत्या. डावा कान पूर्ण गेला, उजवा अर्धा राहिला, आणि आवाज मशीनच्या वर जो चढून बसला तो पुन्हा उतरला नाही. नवरा वारला, मशीन दिराकडे गेली, बाईंना नोकरी लागली, तरी आवाज तिथेच. आम्ही पोरं त्यांना पाठीमागे 'डीजे' म्हणायचो. समोर 'बाई'.

खोली ओस पडल्यावर दुसरी कुणी असती तर हातपाय गाळून बसली असती. बाईंनी दवाखान्यातल्या डॉक्टरांना सांगून टाकलं, "मले खोली नाई पाह्यजे. माह्याजवळ जागा आहे." ती जागा म्हणजे दिराची मशीन. संध्याकाळी पाच ते सात ती चालू असली की शेजारी उभ्या माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येत नसे. तिथे बाई ओरडून बोलल्या तरी त्यांचं बोलणं फक्त ज्याच्या कानाशी तोंड आहे त्यालाच कळे. सरकारला जे पडद्याने जमलं नाही ते बाईंनी धानाच्या मशीनकडून करून घेतलं.

फक्त एक अट होती. मशीनवर रिकाम्या हाताने आलात तर लोकांना संशय येणार. म्हणून ज्याला काही विचारायचं असेल त्याने घरून अर्ध पोतं धान आणायचं. बाई पोत्याला हात लावायच्या, मूठभर धान तळव्यावर घेऊन पाहायच्या, आणि मग त्याला उजव्या कानाशी उभं करून म्हणायच्या, "हां, बोल आता." त्यामुळे आमच्या गावात एक चमत्कार झाला. ज्या पोरांनी जन्मात घरचं काम केलं नव्हतं ती पोरं सायकलवर पोती लादून मशीनवर जाऊ लागली. आया एकमेकींना कौतुकाने सांगायच्या की पोरगा सुधरला. एका घरात तर महिन्यात चौथ्यांदा धान कांडून आल्यावर आई म्हणाली, "बाप्पा, एवढा तांदूळ आता खाईन कोन?" त्या पोराला नुसत्याच शंका फार होत्या, झालं काहीच नव्हतं.

वहीत बाई कुणाचंही नाव लिहीत नसत. प्रत्येकाला एका धानाचं नाव. एकजण लुचई, एक मुलगी हिरानखी, एक एचएमटी. मी चिन्नोर. भर रस्त्यात, सरपंचाच्या दारासमोर, बाई मला थांबवून विचारायच्या, "काऊन रे, चिन्नोरचा कोंडा निघाला का पूर्ण?" याचा अर्थ औषध संपवलं का. सरपंच मध्येच चिन्नोरला या वर्षी तुडतुड्याने कसं खाल्लं ते सांगू लागायचे आणि बाई त्यांचंही ऐकून घ्यायच्या.

कुणी काय करून आला, कुठे गेला होता, कुणासोबत होता, हे बाईंनी कधी विचारलं नाही. आमच्यातल्या एकाने आपणहून रडत रडत सगळं सांगायला सुरुवात केली तर त्याला थांबवून म्हणाल्या, "मशीन का विचारते का धान कोनाच्या बांधीतला आहे? नाई न? आला, कांडला, मोकळा. तुले का होऊन राहिला तेवढा सांग." बांधी म्हणजे आमच्याकडे धानाचं शेत. हे वाक्य त्या दिवसातून चारदा तरी बोलत, आणि तेही अशा सुरात की समोरच्याला वाटावं, आपण उगाच इतके दिवस जड होऊन फिरत होतो.

दर गुरुवारी त्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीचा तास घ्यायला यायच्या. आल्या की आधी सगळ्या खिडक्या उघडायच्या. मग आम्हाला उभं करून पाढे म्हटल्यासारखं म्हणायला लावायच्या. लघवीची जागा. खाज. फोड. पू. जळजळ. पहिल्या दिवशी मागचा बाक हसून हसून लोळला. बाई शांत उभ्या राहिल्या आणि हसणं थांबल्यावर म्हणाल्या, "झाला? आता म्हना." तीन आठवड्यांनी आमचं हसणं संपलं आणि पाठांतर पक्कं झालं. "जो शब्द इथं तोंडातून निघत नाई तो डॉक्टरसमोर कसा निघन? तिथं जाऊन तुमी म्हनान का पोट दुखून राहिला. तो देईन पोटाची गोळी. अन रोग राहीन तिथंच्या तिथं." शेजारच्या वर्गात इतिहासाचे सर पानिपत शिकवत असायचे आणि भाऊसाहेब रणात उतरले रे उतरले की आमची सामुदायिक जळजळ खिडकीतून आत शिरायची. सरांनी प्राचार्यांकडे तक्रार केली. बाईंनी सरांनाच विचारलं, "तुमाले का कधी होतच नाई का?" तक्रार तिथेच मिटली.

'गुप्तरोग' या नावावर त्यांचा राग होता. मलेरिया गुप्त नाही, हत्तीपाय गुप्त नाही, मग यालाच का बुरखा, असं त्यांचं म्हणणं. गोंदियाच्या रस्त्यावर भिंतींवर, पुलांवर, बंद पडलेल्या गोदामांवर 'शर्तिया इलाज' असं मोठ्या अक्षरात रंगवलेलं असतं. बाईंच्या पर्समध्ये कोळशाचा तुकडा असायचा. बस थांबली आणि समोर अशी भिंत दिसली की त्या उतरायच्या आणि खाली लिहायच्या, 'सरकारी दवाखान्यात फुकट. कोनी काही विचारत नाई.' कंडक्टर बेल मारून दमायचा. त्या रस्त्यावरच्या कंडक्टरांनी पुढेपुढे अशा भिंती टाळून बस थांबवायची सवय लावून घेतली होती.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसभर बाजार, रात्री नाटक. त्या वर्षी मंडईत एक वैद्य तंबू ठोकून बसला होता. बरण्यांमध्ये मुळ्या, समोर पुरुषांची रांग, आणि रांगेत प्रत्येकाचं तोंड दुपट्ट्याने बांधलेलं. बाई सरळ जाऊन त्या रांगेत उभ्या राहिल्या.

"बहनजी, ये जेंट्स लोगों की लाइन है," वैद्य म्हणाला.

"मालूम आहे मले. यायच्याचसाठी आली मी. तुमी शिकले कोन्त्या कॉलेजात?"

"बहनजी, जरा आहिस्ता बोलिए."

"आहिस्ता मले येत नाई. येत असता त मी दवाखान्यातच नसती बसली? ह्या पुडीत का आहे ते सांगा. रक्त तपासता का? मंग न तपासता कसा समजते तुमाले?"

प्रत्येक प्रश्नासरशी रांग एकेका माणसाने कमी होत गेली. शेवटी तंबूत वैद्य, बाई आणि बरण्या उरल्या. दुसऱ्या दिवशी तंबूही नव्हता. लोक ही गोष्ट अजून हसत हसत सांगतात. मीही सांगतो, फक्त एक तपशील मी आजवर गाळत आलो. त्या रांगेत चौथा मी होतो.

मला नेमकं काय झालं होतं आणि ते कुठून आलं, हे मी इथेही लिहिणार नाही. बाईंचा नियम आहे आणि तो मला पटलेला आहे. एवढं सांगतो की दहावीत एक वर्ष गेल्यामुळे मला बारावीत असतानाच अठरा वर्षं पूर्ण झाली होती, आणि दिवाळीच्या आधीपासून माझी झोप उडाली होती. मित्रांसोबत तलावावर पोहायला जाणं मी बंद केलं. व्हॉलीबॉल सोडलं. एका मेडिकलमधून कुणाच्यातरी सांगण्यावरून मलम आणलं, त्याने आग झाली, मग त्याच वैद्याची पुडी चार दिवस आधी शेजारच्या गावच्या मंडईत घेतली, तिने आणखी आग झाली. गुरुवारी मी सगळ्यांच्या वरताण आवाजात 'फोड, पू, जळजळ' म्हणत होतो आणि मशीनवर मात्र जात नव्हतो, कारण मशीनवरच्या रांगेत माझी सख्खी काकू कोंडा न्यायला रोज असायची. बारावीच्या परीक्षेचा फॉर्म मी भरला नव्हता. मी मरणारच आहे, तर फॉर्म भरून उपयोग काय, असा माझा हिशेब होता. रायपूरला पळून जायचं आणि तिकडेच कुठेतरी मरायचं, म्हणजे घरच्यांना कारण कळणार नाही. आज हसू येतं, तेव्हा मी रायपूरच्या गाड्यांच्या वेळा पाठ केल्या होत्या.

बाईंनी मला दुपट्ट्यातूनही ओळखलं होतं. मंडईनंतर चार दिवसांनी त्यांनी मला पाराजवळ गाठलं. "तुह्या घरी धान कांडाचा नाई का?"

"आईनं कालच कांडला, बाई."

"मंग आज अजून कांड."

त्या संध्याकाळी मी पोतं घेऊन गेलो. रांगेत आठ-दहा माणसं होती, काकू होतीच. मशीन धडधडत होती. बाईंनी माझं धान तळव्यावर घेतलं, वास घेतला, आणि म्हणाल्या की हा चिन्नोर. मग मला उजव्या कानाशी उभं केलं. जे वाक्य मी तीन महिने स्वतःशीसुद्धा पुरतं उच्चारलं नव्हतं ते मला गळ्याच्या शिरा ताणून ओरडावं लागलं. मी ओरडलो. दोन हातांवर उभ्या काकूने डोळ्यातला कोंडा पुसला आणि जांभई दिली. तिला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. मला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की मी तेच वाक्य पुन्हा एकदा ओरडून घेतलं.

बाई बोलायला लागल्या. त्यांनी काय काय सांगितलं ते मला आठवतं. याला औषध आहे. लवकर गेलं तर लवकर बरं होतं. पुडी फेकून दे. आणखी कुणाला तपासायला आणायचं असेल तर आण, नाव मला नको. त्या रंगात आल्या होत्या, आवाज मशीनच्याही वर चालला होता, आणि तेवढ्यात लाईन गेली.

मशीनचा पट्टा दोनदा फटफटला आणि थांबला. त्या शांततेत बाईंचं वाक्य मात्र चालूच राहिलं, कारण एवढ्या वेगाने धावणारं वाक्य एकदम थांबवता येत नाही. "गुप्तरोग झाला म्हनून कोनी मरते का? उद्याच गोंदियाले मोठ्या दवाखान्यात जाचा, कपडे काढून डॉक्टरले दाखवाचा, सुई घ्याची, मोकळा!"

आठ-दहा माणसं, दीर, काकू, सगळे आमच्याकडे पाहत होते. खरं म्हणजे माझ्याकडे पाहत होते. माझ्या डोक्यात रायपूरची पावणेआठची गाडी होती.

काकूने विचारलं, "बाई, कोनाले का झाला?"

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं नाही. साडीच्या पदराने तळहात पुसला आणि म्हणाल्या, "तुले ऐकू नाई आला का? मले झाला आहे गुप्तरोग. आमच्या दवाखान्यात दाखवाची मले लाज वाटते. म्हनून या पोट्ट्याले विचारून राहिली का बाबाच्या गाडीवर गोंदियाले नेतेस का. काऊन रे, नेशील न?"

"नेईन," मी म्हणालो.

"जोरानं बोल. मले ऐकू येत नाई."

"नेईन, बाई."

पंचावन्न वर्षांची विधवा बाई, भर गावात, भर रांगेत. लाज म्हणजे काय हे ज्यांना आयुष्यात माहीत नव्हतं त्यांनी लाजेचंच निमित्त पुढे केलं होतं आणि एकानेही शंका घेतली नाही. दीर तेवढा जागचा हलला. "वयनी, घरात चाला," तो म्हणाला. बाई म्हणाल्या की लाईन आल्यावर चिन्नोर कांडून झाला की येते, आणि खरोखर अर्धा तास तिथेच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आमच्या घरी आली ती एक रिकामं पोतं घेऊन. "हा सीटवर टाक अन मंगच तिले बसव. तुले नाई मालूम, हे लागते." बसल्याने लागत नाही, हे मला बाईंच्या तासाला पाठ करायला लावलेलं होतं, पण काकूपुढे म्हणायची हिंमत झाली नाही. बाईंनी सीटवरचं पोतं पाहिलं, सगळं समजल्या, आणि पाटावर बसावं तशा ऐसपैस त्यावर बसल्या. गोंदिया येईपर्यंत मागून सगळ्या भिंती मोठ्याने वाचत होत्या.

दवाखान्यात त्यांनी दोन केसपेपर काढले. माझ्या नावाचा कागद घडी करून माझ्या खिशात घातला आणि स्वतःचा हातात मिरवत चर्मरोग आणि गुप्तरोगाच्या रांगेत बसल्या. तिथे आमच्या गावचा एकजण नातेवाईकाला घेऊन आला होता. बाईंनी त्याला लांबूनच हाक मारली, "तुमी का आनले, खोकला का? माहा त तुमाले कालच समजला असन." मला डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं, सुई दिली, गोळ्या दिल्या, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायला बोलावलं. त्यांनीही कुठून आला ते विचारलं नाही. बाईंनी आपल्या पाळीला आत जाऊन गुडघे दाखवले. परत आल्यावर काकूने ते पोतं जाळलं.

मी बारावीचा फॉर्म विलंबाने भरला. तीन महिन्यांनी रक्ताचा कागद स्वच्छ आला, तो बाईंनी दोनदा वाचला आणि वहीत चिन्नोरपुढे एक बरोबरची खूण केली.

बाईंचा रोग मात्र गावात चांगलाच पसरला. लोकांनी त्यांच्या नवऱ्याच्या मरणाचं कारण नव्याने शोधून काढलं, जो बिचारा साप चावून गेला होता. मशीनवरची निम्मी गिऱ्हाइकं दुसऱ्या गावच्या मशीनवर जाऊ लागली. दीर चिडला. "वयनी, एकदा सांगून टाका न का तुमाले काही नाई म्हनून." बाई म्हणाल्या, "मंग ते विचारतीन का कोनाले आहे. तेव्हा का सांगू?" दिराला त्यांनी माझं नाव सांगितलं नाही. मी तिथे पोतं धरून उभा होतो आणि मीही सांगितलं नाही.

आमच्या कॉलेजात गुरुवारी बाईंना स्टाफरूममध्ये चहा मिळायचा. त्या प्रकारानंतर त्यांचा कप वेगळा झाला. कुणी बोललं नाही, फक्त शिपाई दर वेळी तोच कान तुटलेला कप त्यांच्यापुढे ठेवू लागला. तिसऱ्या गुरुवारी बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी चहा संपवला, नळावर जाऊन कप धुतला आणि पर्समध्ये टाकला. "माह्या नावाचा आहे त माह्या घरी राहू द्या," असं सगळ्या स्टाफरूमला सांगून त्या निघून गेल्या. पुढच्या महिन्यात पालकांच्या तक्रारीवरून त्यांचा तासही बंद झाला. खिडक्या बंद झाल्या, पानिपत विनाअडथळा पार पडलं.

एक गोष्ट उलटी झाली आणि ती बाईंच्याही अंदाजात नव्हती. पोरं वाढली. आधी जी आत यायला घाबरायची ती येऊ लागली. एकाने मला कारण सांगितलं होतं, "बाईले सोताले झाला आहे, आता ते आपल्याले का बोलन?" मोठी गिऱ्हाइकं गेली आणि अर्ध्या पोत्यांची रांग लागली. दिराला हे कोडं कधी सुटलं नाही.

मी नागपूरला शिकायला गेलो. सुट्टीत आलो की बाई रस्त्यातच ओरडायच्या, "चिन्नोर बरा आहे न?" माझं लग्न ठरलं तेव्हा मी त्यांना म्हणालो की आता गावाला खरं सांगतो. त्या म्हणाल्या, "बायकोले सांग. बाकी कोनाले कायले?" बायकोला मी सांगितलं. तिने विचारलं, "आणि त्या बाईंचं पुढे काय झालं?" याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते देताना मला माझीच लाज वाटली. रोगाची कधी वाटली नव्हती इतकी वाटली.

गेल्या वर्षी मी आमच्याच कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागलो. तेच वर्ग, त्याच खिडक्या. किशोरवयीन आरोग्याचा तास घ्यायचं पत्र आलं आणि प्राचार्यांनी ते माझ्याकडे सरकवलं. मी पुस्तिका वाचून दाखवली. चाळीस माना खाली. मी खिडक्या उघडल्या आणि बाईंचे पाढे म्हणायला लावले. पोरं हसली, म्हणाली, पण कुणी काही विचारेना. मग मागून एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, ते मशीनवाली रोगाची बाई पन हेच शिकवायची म्हन्ते."

रोगाची बाई. या पोरांनी बाईंना तासाला कधी पाहिलेलंही नव्हतं, नाव मात्र त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

मी खडू खाली ठेवला आणि म्हणालो, "त्या बाईंना कधी काही झालं नव्हतं. गुप्तरोग मला झाला होता, अठराव्या वर्षी. मी घाबरलो होतो म्हणून त्यांनी तो स्वतःवर घेतला. मी औषध घेतलं, बरा झालो, आणि दहा वर्षं गप्प बसलो." तास सुटल्यावर तिघं जण वेगवेगळे येऊन मला भेटले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. काकूचा फोन आला. ती म्हणाली, "मंग मी तो पोता उगाच जाळला." दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये चहा आला तेव्हा सगळ्यांनी घाईने आपापले कप उचलले आणि ट्रे माझ्यापासून थोडा लांब सरकला.

त्या संध्याकाळी मी बाईंकडे गेलो. आता त्या निवृत्त आहेत, गुडघ्यांनी दगा दिला आहे, उजवा कानही जवळजवळ गेला आहे. दिराने नवी मशीन आणली आहे, तिच्याजवळ उभं राहून फोनवर बोलता येतं. बाईंना ती मुळीच आवडत नाही. त्या दारात बाजेवर बसल्या होत्या. मी टेकण्याआधीच त्यांनी विचारलं, "कायले घेतलास?"

"काय, बाई?"

"माहा रोग. दहा वर्सं सांभाळला मी. तुले कोनी मांगाले सांगितला होता?"

"बाई, तो माझाच होता."

"तुहा तीन महिन्यात बरा झाला. कागद मी पाह्यला आहे. त्याच्यानंतर जो राहिला तो माहा होता."

मी त्यांची माफी मागितली. हळू मागितलेली त्यांना ऐकू गेली नसती म्हणून ओरडून मागितली, आणि नवी मशीन मुकी असल्यामुळे रांगेतल्या सगळ्यांनी ती ऐकली. बाईंनी बाजेवर सरकून मला जागा करून दिली. मग म्हणाल्या, "पोरं आली का विचाराले?"

"तिघं आली."

"नाव नको सांगू. धान कोन्ता दिला त्याइले?"

"अजून नाही दिला."

"दे. लुचई नको देऊ, तो दुसऱ्याचा आहे." एवढं बोलून त्या गुडघ्यांवर हात देऊन उठल्या, आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने दोन कप चहा घेऊन आल्या. एक बशीतला, बरा कप त्यांनी स्वतःपुढे ठेवला. दुसरा माझ्याकडे सरकवला. त्याला कान नव्हता.

"धर," त्या म्हणाल्या, "रोग घेतलास त कपही घे."

चहा कडक आणि फार गरम होता, कप दोन्ही हातांनी धरावा लागला. मी तो तिथेच बसून सावकाश संपवला, नळावर कप धुतला आणि पिशवीत टाकला.